माती ओळखेल तिला

व्हेरोनिका टीचरच्या घरात पाव शिळा झाला तरी लगेच टाकायची सोय नव्हती. आधी टीचर तो उजेडात धरणार, चष्मा कपाळावर सरकवून निरखणार, त्यावर आलेली बुरशी हिरवी की काळी ते ठरवणार, आणि मगच तो पाव केळीच्या बुंध्याशी जाणार. त्यांचा नवरा सॅन्टन पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या घरात देवाच्या खालोखाल बुरशीचा मान. माझा नंबर तिसरा." पाहुणे हसायचे, टीचरही हसायच्या. मग चहा निवेपर्यंत पाहुण्यांना बुरशीचं महत्त्व ऐकावं लागायचं, त्यातून कुणाची सुटका नव्हती.

वसईच्या पश्चिमेला, वाड्यांना पाणी पुरवणाऱ्या एका जुन्या बावखलाच्या काठी त्यांचं घर. गावच्या शाळेत त्यांनी उभा जन्म विज्ञान शिकवलं. पाऊस सरता सरता, ऑक्टोबरातल्या एका रविवारी, चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपली की त्या नववीच्या मुलांना घेऊन तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या जंगलात जायच्या, अळंब्या बघायला. तोडायला नव्हे, बघायला. निवृत्त झाल्यावर मुलांच्या जागी मुलांचे आईबाप आले, आणि हळूहळू विरार-नालासोपाऱ्याच्या फ्लॅटांमधली मंडळीही येऊ लागली. माणसं बदलली तरी टीचरचा धडा तोच राहिला. पडलेल्या एका जाडजूड झाडापाशी सगळ्यांना उभं करायचं आणि विचारायचं, "या जंगलात झाडू कोण मारतं?"

कुणी वारा म्हणायचं, कुणी मुंग्या. टीचर मान हलवायच्या. मग त्या पाचोळ्याचा थर अलगद उचलून खालचे पांढरे धागे दाखवायच्या, कापसाच्या वातीसारखे बारीक. "ही खरी बुरशी. वरती छत्री दिसते ते नुसतं फळ. लाकडात जो कठीण भाग असतो ना, तो जंगलात दुसरं कुणी धड पचवू शकत नाही. हे धागे तो पोखरतात, मऊ करतात, आणि त्यातलं सत्त्व जिवंत झाडांच्या मुळांपर्यंत पोचतं. हे नसते तर आपण सगळे आपल्याच मेलेल्यांच्या ढिगाखाली गाडले गेलो असतो." हे शेवटचं वाक्य त्या जरा जोरात म्हणायच्या. गावातल्या तीन पिढ्यांना ते पाठ आहे.

आता लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण असं टीचरच्या बाबतीत म्हणायची वेळ यावी, हे कुणाच्या मनातही आलं नसतं. पण दुःख दारात उभं राहिलं की शिकलेलं सगळं माणूस आधी घराबाहेर ठेवतं. टीचरचंही तसंच झालं.

त्यांची एकुलती एक मुलगी एलिसा. लहानपणी नाताळच्या मिस्सेला तिला जाळीचा, झालरींचा झगा घालायचा म्हणजे घरात महाभारत. "मम्मी, टोचतंय गं," म्हणून ती रस्ताभर काखेत खाजवत चालायची. मिस्सा संपेस्तोवर बापाच्या खांद्यावर झोपून जायची. घरी आल्यावर टीचर तिला झोपेतच मांडीवर घेऊन एकेक बटण सोडायच्या, तो झगा काढायच्या आणि धुऊन धुऊन मऊ पडलेला सुती पेटीकोट घालायच्या. तो अंगाला लागला की पोर झोपेतच सुस्कारा टाकायची. तो सुस्कारा टीचरच्या अजून कानात आहे.

एलिसा शिकली, वालीवच्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागली, तिचं लग्न ठरलं. जानेवारीतली तारीख होती. झगा शिवून आला होता: पांढरं सॅटिन, वर नायलॉनची जाळी, पाठीवर ओळीनं आणि मनगटांवर चकचकीत बटणं. तो कपाटाच्या दाराला टांगलेला असतानाच ऑक्टोबर संपता संपता एलिसाला ताप आला. डेंग्यू निघाला. आठवडाभरात पोर गेली.

सॅन्टनला त्या दिवशी काही सुचत नव्हतं. सगळं टीचरनीच ठरवलं. पॉलिश केलेली, आतून कापड लावलेली, पाणी शिरू नये म्हणून प्लास्टिकचं अस्तर दिलेली भारीतली पेटी आणली. आणि तो झगा. सासूबाई, बेला आय, तेव्हा ऐंशीच्या पुढच्या. त्या काठी टेकत आल्या. त्यांच्या हातात लाल चौकड्यांचं जुनं सुती लुगडं होतं, गावच्या बायका पूर्वी नेसायच्या तसलं.

"बाय, पोरीला हे नेसव," बेला आय म्हणाल्या. "सुताचं हाय. माती वळखंल तिला."

टीचर त्यांच्यावर ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा. "माझी पोर नवरी होती! तिला जुनेरं नेसवून पाठवू?" लुगड्याची घडी छातीशी धरून म्हातारी परत गेली. टीचरनी मुलीला झगा घातला, पाठीची सगळी बटणं लावली, हातात लाकडी मण्यांची जपमाळ गुंडाळली. मुलगी इतकी सुंदर दिसत होती की शेजारच्या बायकांना तिच्याकडे बघवेना.

वर्षभरानं बेला आय गेल्या. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं: पेटी नको, लुगड्यात गुंडाळा आणि मातीत ठेवा. तसंच केलं.

त्यानंतरची सगळी वर्षं सॅन्टनचा एक नेम झाला. वाडीतल्या सोनचाफ्याला पाणी घालून झालं की स्कूटर काढायची, दफनभूमीत जायचं आणि एलिसाच्या कबरीपाशी बसायचं. दिवेलागण झाली तरी उठायचा नाही. टीचर रागवायच्या. तो म्हणायचा, "तिला अंधाराची भीती वाटायची ना गं." आणि मग एकदा म्हणाला, "टीचर, मी गेलो की मला तिच्याजवळ ठेव. दुसरं काही मागत नाही तुझ्याकडे."

मागणं अवघड नव्हतं. गावात तशी रीतच आहे. जागा थोडी आणि माणसं फार, म्हणून काही वर्षांनी घरची कबर पुन्हा उघडतात, आधीच्या माणसाची हाडं पांढऱ्या कापडात बांधून त्याच खड्ड्याच्या उशाला ठेवतात आणि नव्या माणसाला त्याच्याजवळ निजवतात. टीचरनी शब्द दिला. सॅन्टननं पुन्हा विषय काढला नाही.

या सप्टेंबरात, एका सकाळी, सॅन्टन वाडीत केळीच्या बुंध्याशी बसला तो उठलाच नाही.

दुपारी दफनभूमी सांभाळणाऱ्या आल्बर्टनं फादरांना निरोप पाठवला आणि फादर स्वतः टीचरना घ्यायला आले. एलिसाची कबर उघडलेली होती. आल्बर्ट फावडं टेकून बाजूला उभा होता, वर बघत नव्हता.

"टीचर, पानी हाय खाली," तो म्हणाला. "त्यात पेटीला प्लास्टिक. मातीनं शिवलंच नाय तिला."

टीचरनी खाली पाहिलं. एलिसा होती तशी होती म्हणणं खोटं होईल. पण तिची माती झालेली नव्हती. मधेच कुठेतरी अडकून पडली होती पोर, ना इकडे ना तिकडे. झगा मात्र शाबूत होता. जाळी पिवळट पडली होती, तेवढंच. मनगटांवरची बटणं चकाकत होती. हातातल्या जपमाळेचे लाकडी मणी पाण्यात फुगून, फुटून कधीच गळून गेले होते आणि त्यांचा नायलॉनचा दोरा तेवढा बोटांपाशी उरला होता.

आल्बर्ट हलक्या आवाजात सांगत होता, "झगा कापून काढू. फळ्या नि प्लास्टिक मी भायेर काढतो. सुती कपड्यात ठेवू तिला, वर माती टाकू. दोन पावसाळे गेले की हाडं मोकली होतील. तवर सॅन्टनला दुसरीकडं ठेवू, मंग हितंच आनू. पन कापायला आईनं हो बोलायला पायजे."

हो म्हणणं म्हणजे पोरीचं लग्न दुसऱ्यांदा मोडणं. शेवटचं जे काही टीचरनी तिला दिलं होतं ते तिच्या अंगावरून ओरबाडणं. "बंद कर," त्या म्हणाल्या. "माती टाक. तिला कुणी हात लावायचा नाही."

सॅन्टनला पार पलीकडे, रस्त्याकडेच्या भिंतीला लागून ठेवलं. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला एक अनोळखी म्हातारा.

गावाला वाटलं, टीचर नवऱ्यासाठी झुरताहेत. तशा त्या झुरत होत्याच. पण जेवणाचा घास हातात घेतला की त्यांना बटणं दिसायची. ज्या बाईनं पोरांच्या तीन पिढ्यांना मातीचं काम शिकवलं, तिनं स्वतःच्या पोरीलाच मातीपासून तोडलं होतं, आणि त्यापायी नवऱ्याचं एकुलतं एक मागणंही बुडालं होतं. कुणाला सांगणार? विचारलं त्याला कबरीत पाणी आहे, एवढंच सांगितलं.

ऑक्टोबर आला. शेजारी राहणारी सॅन्टनची बहीण प्रिस्का म्हणाली, "वहिनी, या वर्षी फेरी राहू दे." टीचरनी ऐकलं नाही. घरात राहायचं तर ओटीवर सॅन्टनची स्कूटर उभी होती. तेव्हा प्रिस्काही पदर खोचून बरोबर निघाली, वहिनीला एकटं सोडायचं नाही म्हणून.

वालीवचे कारखाने मागे टाकून टेम्पो पायथ्याला थांबला. वरून ऊन आणि आत झाडांखाली ओल, असे ते दिवस. माणसं आनंदात होती. मेलेल्या फांदीवर ओळीनं फुटलेल्या, कानाच्या पाळीसारख्या मऊ बुरश्या त्यांनी हात लावून पाहिल्या. वारुळापाशी पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या, त्यांचे फोटो काढले. "कुत्र्याच्या छत्र्या ना या?" असं एकानं विचारलं, तेव्हा टीचर सवयीनं म्हणाल्या, "कुत्र्याला विचारा, तो छत्री वापरतो का." सगळे हसले. प्रिस्कालाही बरं वाटलं.

मग ते पडलेलं झाड आलं. पूर्वी त्याला टेकून उभं राहता यायचं. आता ते गुडघ्याएवढं उरलं होतं आणि त्याच्या पोटातून एक कोवळं रोप वर आलं होतं. टीचरनी विचारलं, "या जंगलात झाडू कोण मारतं?" आणि खाली वाकून पाचोळा उचलला.

धाग्यांबरोबर एक वेफर्सचं पाकीट हाती लागलं. विरारहून पहिल्यांदाच आलेल्या ऋतिकानं, ती बँकेत नोकरी करायची, ते उचलून झटकलं. "अय्या, किती वर्षांपूर्वीचं आहे हे! रंग तर कालच्यासारखा." तिनं अगदी सहज विचारलं, "टीचर, हे कोण खातं?"

हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारायचं आणि त्याचं उत्तरही टीचरकडे तयार असायचं: हे कुणी खात नाही, याला जंगल ओळखतच नाही, आपण जाऊ, आपल्या मागे हे असंच पडून राहील. टीचरनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. हातातला पाचोळा गळून पडला. "बघा तुम्ही सगळे पुढे," एवढं कसंबसं म्हणून त्या बांबूच्या बेटाकडे चालू लागल्या. प्रिस्का मागोमाग धावली.

बांबूखाली, कुजक्या पानांत, एक अळंबी उभी होती. पांढरा दांडा, वर टोपी, आणि टोपीखालून जमिनीपर्यंत सोडलेली जाळी. पांढरीशुभ्र, नाजूक, हातानं विणल्यासारखी. मुलं शाळेच्या दिवसांत हिला 'नवरी' म्हणायची. टीचरनी त्यांना किती वेळा सांगितलं होतं: ही सकाळी उमलते, जाळी पसरते, माश्या येतात, आणि संध्याकाळपर्यंत सगळं खाली बसतं, दुसऱ्या दिवशी याल तर काही सापडणार नाही.

आत्ताच तिची जाळी एका बाजूनं खाली बसली होती. मुंग्या लागल्या होत्या. जिथं ती पानांना टेकली होती तिथं ती पानांसारखीच तपकिरी होऊ लागली होती, आणि कुणी तिला ओरबाडत नव्हतं.

टीचर तिच्यासमोर मटकन खाली बसल्या आणि रडल्या. नवरा गेला त्या दिवशी रडल्या नव्हत्या इतक्या, तोंडात पदर कोंबून, अंग गदगदून. "मीच घातला गं तो झगा," त्या म्हणाल्या. "मीच प्लास्टिकची पेटी आणली. पोर तशीच पडलीय पाण्यात. आणि सॅन्टन तिकडे भिंतीशी एकटा." मग त्यांनी प्रिस्काला सगळं सांगितलं, आल्बर्ट काय म्हणाला तेही.

प्रिस्का आधी हादरली, मग रडली, मग भडकली. "इतके दिवस एकटी घेऊन बसलीस हे? मी मेले होते काय?" आणि वहिनीचं डोकं तिनं आपल्या छातीशी ओढून घेतलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "वहिनी, आयचं लुगडं माझ्याकडं हाय."

"कुठलं?"

"तू परत केलंस ते. आय गेली ती दुसऱ्या लुगड्यात. हे तिनं माझ्याकडं दिलं. बोलली, हे एलिसाचं हाय, कुनाला देऊ नको. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. तरी ठेवलं पेटाऱ्यात."

माणसं परत येताना त्यांचे आवाज ऐकू आले तेव्हा टीचर उठल्या, तोंड पुसलं. ऋतिकाच्या हातात ते पाकीट अजून होतं. आपण काय चुकलो ते न कळून ती बिचारी कावरीबावरी झाली होती. टीचरनी ते पाकीट तिच्याकडून घेतलं आणि आपल्या पिशवीत घातलं. "हे कुणी खात नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "हे ज्यानं टाकलं त्यानंच उचलायचं असतं."

मृतांच्या स्मरणदिनाच्या आधीच्या आठवड्यात गाव दफनभूमीत गवत काढायला, क्रूस रंगवायला जमतं. त्याच्याही आधी, एका सकाळी, फादरांच्या परवानगीनं आल्बर्टनं कबर पुन्हा उघडली. फादरांनी प्रार्थना म्हटली. आल्बर्टनं पाणी उपसलं, पेटीच्या फळ्या आणि अस्तर बाहेर काढून दूर नेऊन टाकलं. मग त्यानं खिशातून चाकू काढला.

"तू नको," टीचर म्हणाल्या. "मी घातलाय."

आल्बर्टनं फादरांकडे पाहिलं. फादरांनी मानेनंच हो म्हटलं. आल्बर्टनं शिडी लावली, टीचरचा हात धरून त्यांना खाली उतरवलं आणि वर येऊन पाठ फिरवून उभा राहिला. प्रिस्का काठावर बसली, मांडीवर लाल चौकड्यांचं लुगडं घेऊन. नेसून नेसून ते पार मऊ पडलं होतं.

टीचर चिखलात गुडघे टेकून बसल्या. शिवणाची कात्री आणली होती. पण झगा कापायला त्यांचा हात धजेना. मग त्यांनी कात्री बाजूला ठेवली आणि पाठीशी हात घालून पहिलं बटण चाचपलं. बटण सुटलं. दुसरं सुटलं. इतक्या वर्षांनी बोटांना सगळं आठवत होतं, अंधारात, दिवा न लावता, झोपलेल्या पोरीला जाग येऊ नये अशा बेतानं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या थांबत नव्हत्या.

वर प्रिस्काला त्यांचा आवाज ऐकू आला. आधी तिला वाटलं, वहिनी प्रार्थना म्हणताहेत.

"झाला हं सण, बाय," टीचर म्हणत होत्या. "काढूया आता. टोचत असेल."

आणि त्यांनी लुगड्यासाठी वर हात केला.